तळटीप : ‘पाटकरी’

* पाटकरी : साक्री तालुक्यात पांझरा-कान नद्यांवरच्या फड बागायतीत कोणाच्या शेताला केव्हा पाणी सोडायचे ते पाहणारा गावाचा माणूस. लेखकाने हा शब्द ऑपरेटिंग सिस्टिमला लावला आहे, आणि तो चपखल आहे : कोणत्या प्रोग्रामला केव्हा मेमरी द्यायची ते तीच पाहते. ती बहुधा सी भाषेत लिहितात. सीमध्ये मेमरी हाताने घेता-सोडता येते. लिस्प या भाषेत ही आवराआवर भाषाच करते, तीही तिच्या सवडीने. म्हणजे सिस्टिम लिस्पमध्ये लिहिली, तर पाणी चालू असताना पाटकऱ्यालाच डुलकी! तरीही १९७०च्या दशकात एमआयटीत घडलेल्या लिस्प यंत्रांची जवळजवळ सारी सिस्टिम लिस्पमध्येच होती. यंत्र चालू ठेवून तिचे एखादे फंक्शन बदलता येई. तळाशी मायक्रोकोड मात्र होताच. — संपा.