रॅस माशांचा सहवास

खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणाऱ्याला रॅस माशांबद्दल सल्ला मिळतो तो बहुधा स्वभावाच्या भाषेत: हा गरीब, तो भांडकुदळ, तो जरा तापट. या भाषेवर विसंबून मी सुरुवातीला दोन मासे गमावले. रॅस ज्यात मोडतात त्या लॅब्रिडी कुळात पाचशेहून अधिक जाती आहेत. बोटाएवढ्या पॉसम रॅसपासून सुमारे दोन मीटर वाढणाऱ्या नेपोलियन रॅसपर्यंत. एवढ्या गोतावळ्यात स्वभावाच्या चिठ्ठ्या चिकटवून भागत नाही. रॅसचे भांडण हे मुळात हुद्द्याचे आणि जागेचे भांडण असते. ते तसे ओळखले की त्यातले बरेचसे सुरू होण्याआधीच टाळता येते.

हुद्दा म्हणजे काय, हे ऑस्ट्रेलियातील हेरॉन बेटाजवळच्या प्रवाळांवर डी. रॉस रॉबर्टसन यांनी केलेल्या आणि १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून फार स्वच्छ दिसते. त्यांचा मासा होता क्लीनर रॅस, म्हणजे लॅब्रॉइडिस डिमिडिएटस. एक नर आणि त्याच्या हद्दीत काही माद्या, अशी त्याची गृहस्थी. माद्यांमध्येही आकारानुसार उतरंड असते. नर नाहीसा झाला की सर्वांत मोठी मादी काही तासांतच नरासारखी वागू लागते, हद्दीवर गस्त घालते आणि सुमारे दोन आठवड्यांत तिच्या शरीरात शुक्रपेशी तयार होतात. टँकमध्ये ठेवले जाणारे बहुतेक रॅस याच वाटेने जातात: आधी मादी, मग नर. एका जातीच्या सर्वांत मोठ्या माशाला वर जाण्याची मुभा असते आणि खालच्यांना तो दाबून ठेवतो. ही दाबादाबी प्रवाळावर चालते, कारण हरलेल्याला पळायला जागा असते. चार फुटांच्या काचेत ती जागा नसते.

म्हणून एका जातीचे दोन पूर्ण रंगलेले नर एकत्र आणू नयेत. जोडी किंवा गट हवा असेल तर सगळ्या लहान माद्याच घ्याव्यात, आकारात थोडाफार फरक असलेल्या. त्यांच्यातून नर कोण व्हायचा हे त्याच ठरवतात. अडचण इतकीच की माद्या आणि पिल्ले ओळखणे महाकठीण. फेअरी रॅसच्या अनेक जातींच्या माद्या लालसर-गुलाबी रंगाच्या, जवळजवळ सारख्याच. शास्त्रज्ञांचीही फसगत झालेली आहे: मालदीवमधील एक फेअरी रॅस वर्षानुवर्षे चागोस बेटांजवळच्या जातीत मोजला जात होता आणि २०२२ मध्ये त्याला स्वतंत्र नाव मिळाले, सिरिलॅब्रस फिनिफेन्मा. फिनिफेन्मा म्हणजे तिथल्या धिवेही भाषेत गुलाब. या जातीच्या वर्णनकर्त्यांत अहमद नजीब हे मालदीवचे संशोधक होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्यांच्या समुद्रातून हे मासे बाहेर जातात, त्यांच्याच भाषेतले नाव एका माशाला लाभले.

वेगवेगळ्या जातींचे नर मात्र एकत्र राहू शकतात. फेअरी आणि फ्लॅशर रॅस मोकळ्या पाण्यात तरंगते सूक्ष्म जीव टिपतात. खडकाच्या कपारीवर त्यांचा दावा नसतो. रंग आणि पंखांची ठेवण पुरेशी निराळी असेल तर दोन नर समोरासमोर येऊन पंख उभारतात, क्षणभर झळाळतात आणि आपापल्या वाटेने जातात. फ्लॅशरचे नाव या झळाळीवरूनच पडले. ही लढाई नव्हे. शेपूट चावली जाऊ लागली, किंवा एखादा मासा पृष्ठभागाच्या कोपऱ्यात अडकून बसला, की ती लढाई झाली, आणि तेव्हा वाट न पाहता एकाला बाहेर काढावे.

सिक्स-लाइन रॅसचे गणित वेगळे. तो कपारीत राहतो, खडकाचा कण न् कण शोधून खातो आणि ती सगळी जागा आपली मानतो. माझी चूक नेमकी इथे झाली. विक्रेत्याने तो ‘छोटा आणि शांत’ म्हणून दिला, मी तो सर्वांत आधी सोडला. चार महिन्यांनी आणलेल्या दोन फेअरी माद्यांना त्याने तीन दिवसांत संपवले. दोघींच्याही शेपट्या दोरा उसवावा तशा उसवलेल्या होत्या. आधी येणारा मालक होतो. म्हणून लेपर्ड, पॉसम, फ्लॅशर असे नमते घेणारे आधी, फेअरी मग, आणि सिक्स-लाइन हवाच असेल तर सगळ्यांच्या शेवटी. नव्या माशाला चार-पाच दिवस भोके असलेल्या पारदर्शक डब्यात टँकमध्येच ठेवावे. जुने मासे डब्यावर धडका मारतात, थकतात, त्याच्याकडे दुर्लक्ष करू लागतात. तेव्हाच डबा उघडावा.

भांडणाला भूकही तेल घालते. रॅसना खरे जठर नसते. घशातल्या दातांनी भरडलेले अन्न थेट आतड्यात जाते. साठवणीची सोय नसलेल्या या माशाला दिवसातून एकदा भरपूर खाऊ घालणे निरुपयोगी. तीन-चार वेळा थोडे थोडे घालावे. गोठवलेली मायसिस कोळंबी उत्तम. मुंबईत ताजा जवळा मिळतो तेव्हा मी तो धुऊन, बारीक करून गोठवून ठेवतो आणि मासे त्यावर तुटून पडतात. सुका जवळा मात्र कामाचा नाही.

झोपेची व्यवस्था बहुतेकांच्या लक्षात येत नाही, आणि माझ्या मते निम्मे मासे तिथेच दगावतात. हॅलिकोइरिस आणि लेपर्ड रॅस वाळूत शिरून झोपतात. त्यांना बारीक वाळूचा निदान पाच सेंटिमीटर थर लागतो. भरड चुऱ्यात अंग खरवडते. नवा मासा दोन-चार दिवस वाळूतून वर येत नाही. त्याला उकरून काढू नये. फेअरी आणि सिक्स-लाइन कपारीत स्वतःभोवती चिकट, पारदर्शक कोश विणून झोपतात. आपल्याकडे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे कपारी कृत्रिम खडकातून रचाव्या लागतात. माशांपेक्षा कपारी जास्त असाव्यात, म्हणजे रात्रीच्या जागेवरून तंटा होत नाही. आणि वर बारीक जाळी हवीच. दचकलेला रॅस तीरासारखा बाहेर उडतो, वायरसाठी सोडलेल्या फटीतूनसुद्धा.

क्लीनर रॅस मात्र या सहवासात नकोच. लिझर्ड बेटाजवळच्या लहान प्रवाळांवरून हे मासे साडेआठ वर्षे काढून टाकले गेले, तेव्हा तिथले इतर मासे संख्येने घटले आणि आकारानेही लहान राहिले. इतर माशांच्या अंगावरचे परजीवी हे त्याचे अन्न, आणि घरच्या टँकमध्ये ते पुरेसे नसतात. बहुतेक झिजून मरतात.

सध्या माझ्याकडे लहानपणीच आणलेले दोन पिवळे हॅलिकोइरिस क्रायसस आहेत. दोघांच्याही पाठीवरच्या पंखावर काळे ठिपके होते. मोठ्याचा मधला ठिपका गेल्या महिन्यात फिकट होऊ लागला आणि डोक्यावर हिरवट-नारिंगी रेघा उमटल्या. आता दिवे मंद झाले की तो धाकटीभोवती एक फेरी घालतो, ती वाळूत शिरेपर्यंत थांबतो आणि मग वीतभर अंतरावर स्वतः शिरतो.