सोळा मात्रा, सोळा पायऱ्या : लखनौची स्वरलिपी आणि सीक्वेन्सर

१९२६ साली लखनौ येथे मॅरिस कॉलेज ऑफ म्युझिक सुरू झाले, त्यामागील प्रेरणा पं. विष्णु नारायण भातखंडे यांची होती. मुंबईत वकिली केलेल्या या मराठी विद्वानाने ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मराठीतून लिहिली. मात्र तिचे संस्थात्मक रूप अवधच्या राजधानीत आकाराला आले. १९२८ पासून दीर्घकाळ श्री. ना. रातंजनकर यांनी ते जोपासले. गुरुमुखातील बंदिश वर्गात शिकवायची, तर तिला संहितेचे रूप देणे अपरिहार्य होते. भातखंडे यांच्या स्वरलिपीचे एकक मात्रा हे आहे. तीनतालाच्या सोळा मात्रा चार विभागांत मांडल्या जातात. स्वर लांबला की आडवी रेघ येते, मींडेसाठी दोन स्वरांवर कमान, समेला गुणाकाराची खूण आणि खालीला शून्य. काल येथे घरांत विभागला जातो आणि स्वर त्या घरांत बसविला जातो.

इलेक्ट्रॉनिक संगीताच्या आरंभकाळात अशीच निकड वेगळ्या कारणाने उद्भवली. ध्वनिफितीचे तुकडे कापून जोडण्याच्या कष्टप्रद पद्धतीला पर्याय म्हणून १९६० च्या दशकात डॉन बुक्ला व रॉबर्ट मूग यांच्या यंत्रसंचांत सीक्वेन्सर आला. मूगच्या ९६० क्रमांकाच्या सीक्वेन्सरमध्ये आठ पायऱ्यांच्या तीन ओळी होत्या. प्रत्येक पायरीवरील खुंटी एक विद्युत्‌दाब ठरवी आणि तो दाब बहुधा स्वराची उंची ठरवी. पायऱ्या थोड्या असल्यामुळे आकृती छोटी राही व पुनःपुन्हा फिरे. या मर्यादेतूनच आवर्तनाचे सौंदर्यशास्त्र घडले. मॉर्टन सबोटनिक यांची १९६७ ची ‘सिल्व्हर ॲपल्स ऑफ द मून’ आणि टँजरिन ड्रीमची १९७४ ची ‘फेड्रा’ ही त्याची परिचित उदाहरणे होत.

१९८० च्या दशकाच्या प्रारंभी रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ या तालयंत्रात आणि टीबी-३०३ या खर्जयंत्रात सोळा पायऱ्यांचा आकृतिबंध स्वस्त व सुटसुटीत झाला. टीबी-३०३ मध्ये स्वर आणि काल वेगवेगळे भरावे लागत. एखादा स्वर पुढील घरात लांबविणे, घर रिकामे ठेवणे, आघात देणे, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरणे, एवढ्याच क्रिया उपलब्ध होत्या. भातखंडे यांची रेघ आणि कमान ज्याला वाचता येते, त्याला हा संच अपरिचित वाटू नये. येथे प्रभावाचा दावा अभिप्रेत नाही. काल घरांत लिहू पाहणाऱ्या दोन परंपरांचे हे रचनासाम्य आहे.

मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वादक चरणजीत सिंग यांच्या ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या १९८२ च्या ध्वनिमुद्रिकेत हे साम्य प्रत्यक्ष ऐकू येते. तिच्यातील दहा राग म्हणजे भातखंडे यांचे दहा थाट नव्हेत. यमन व भैरवाबरोबर तेथे मधुवंती, कलावती, बैरागीही आहेत. ताल व खर्ज यंत्रे फिरवीत राहतात, तर रागविस्तार ज्युपिटर-८ या सिंथेसायझरच्या पट्टीवर हाताने होतो. मुद्रिका त्या वेळी दुर्लक्षित राहिली. १९८७ मध्ये शिकागोच्या फ्यूचर या गटाच्या ‘ॲसिड ट्रॅक्स’ने टीबी-३०३ ला कीर्ती दिली, तेव्हा त्याचे उत्पादन थांबून काही वर्षे लोटली होती. २०१० च्या पुनर्प्रकाशनानंतर सिंग यांची कृती जगभर चर्चेत आली.

तौलनिक अभ्यासकाच्या दृष्टीने खरा प्रश्न साम्यापलीकडचा आहे. तोडीतील अतिकोमल गांधार लिपीच्या बारा स्वरांत मावत नाही, तसाच यंत्राच्या बारा स्वरांतही मावत नाही. तथापि लिपीला वाचक लागतो. कागदावरचा कोमल गांधार गायक आपल्या तालमीनुसार उतरवितो, म्हणजे संहितेतील उणीव परंपरा भरून काढते. सीक्वेन्सर ही स्वतःच स्वतःला वाचणारी लिपी आहे. तिच्यात जे लिहिले नाही, ते वाजत नाही. तिची पहिली पायरी केवळ पहिली असते. तिला सम होण्यासाठी सोळावी ओलांडताना परतण्याची ओढ जाणवणारा कोणीतरी हवा. सिंग यांनी राग यंत्राच्या घरांत न कोंडता हाताकडे ठेवला आणि लखनौच्या वर्गात छापील पुस्तकासमोर गुरू बसलाच. लेखनाच्या मर्यादेची जाण दोन्ही ठिकाणी व्यवहारातूनच व्यक्त झाली आहे.