व्यवसाय कराची कुळकथा

सोलापूर जिल्ह्यातील श्रीपूरच्या साखर कारखान्यात महिना दहा हजारांहून अधिक पगार घेणाऱ्या पुरुष कामगाराच्या पगारपत्रकात, भविष्यनिर्वाह निधीच्या कपातीजवळ, ‘व्यवसाय कर’ या नावाने २०० रुपयांची कपात दाखवलेली असते आणि फेब्रुवारी महिन्यात तीच कपात ३०० रुपयांची होते. अकरा महिन्यांचे २२०० आणि फेब्रुवारीचे ३०० मिळून वर्षाचे बरोबर २५०० रुपये होतात. कोणत्याही राज्याने एका माणसाकडून व्यवसाय, व्यापार किंवा नोकरीवरील कर म्हणून वर्षाला याहून अधिक रक्कम घेऊ नये, असे बंधन राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने घातलेले असल्यामुळे हा फेब्रुवारीचा हिशेब जुळवावा लागतो. भरणाऱ्याला ही कपात आयकराची धाकटी बहीण वाटते. महाराष्ट्रात मात्र तिचा जन्म दुष्काळातून झाला असून, सरकारने कर किती घ्यावा, तो कोठे खर्चावा आणि त्या खर्चाने देशाची संपत्ती वाढते की घटते, या दीडशे वर्षे चाललेल्या वादाच्या खुणा तिच्या अंगावर आहेत.

धंद्यावर कर घेण्याची चाल त्याहूनही जुनी आहे. मराठेशाहीत तेली, कोष्टी, सोनार, दुकानदार अशा बिगरशेती कसबांवर आणि दुकानांवर जी पट्टी बसे तिला मोहतर्फा म्हणत, आणि शेतसाऱ्याबरोबर गावकामगारांच्या दप्तरात तिचीही नोंद होई. तो सरळ महसूल होता, म्हणजे कशासाठी घेतला हे सांगण्याची गरज घेणाऱ्याला वाटत नव्हती. ब्रिटिश अमलात मोहतर्फा मोडीत निघाला आणि १८५७ च्या उठावानंतर रिकाम्या झालेल्या तिजोरीसाठी १८६० मध्ये जेम्स विल्सन याने आयकर आणला. तो १८६५ मध्ये बंद झाला, पुढे परवाना कर, दाखला कर अशा नावांनी परतला, पुन्हा आयकर झाला आणि १८७३ मध्ये पुन्हा गेला. या येरझारांत एक गोष्ट कायम राहिली, ती ही की वसुलीचे कारण तूट हेच असे.

ते कारण प्रथम बदलले १८७६–७८ च्या दुष्काळाने, आणि मुंबई इलाख्यात त्याचा सर्वांत कठोर फटका ज्या जिल्ह्यांना बसला त्यांत सोलापूर होते. दुष्काळी कामांवरून सरकारच्याच दोन घरांत भांडण लागले. मुंबई सरकारचे मत असे होते की लोकांना पोसायचे तर तलाव, कालवे, रस्ते अशी मोठी कामे काढावीत, म्हणजे दिलेल्या मजुरीतून काही टिकाऊ उभे राहील. व्हाइसरॉय लिटन याच्या सरकारला हा खर्च हाताबाहेर जाईल अशी धास्ती होती आणि गावाजवळची लहान कामेच त्याला पसंत होती. पाहणीसाठी पाठवलेल्या रिचर्ड टेंपल याने १८७७ च्या आरंभी मजुराची रोजी एक पौंड धान्याच्या किमतीवर अर्धा आणा इतकी खाली आणली, तेव्हा दख्खनमधील हजारो मजुरांनी त्या रोजीवर काम करण्याचे नाकारले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. काटकसरीचा जमाखर्च आणि माणसाच्या पोटाचा जमाखर्च यांची गाठ या इलाख्यात इतक्या उघडपणे प्रथमच पडली.

त्यानंतर अर्थसदस्य जॉन स्ट्रेची याने मांडलेली योजना कल्पक होती, हे तिच्या टीकाकारांनाही मान्य करावे लागेल. दुष्काळ हे आकस्मिक संकट नसून काही वर्षांनी येणारा ठरलेला खर्च आहे, म्हणून दरवर्षी दीड कोटी रुपये बाजूला ठेवावेत, त्यातून चांगल्या सालात रेल्वे आणि कालवे बांधावेत किंवा कर्ज कमी करावे, आणि वाईट सालात मदत करावी, असा तिचा आशय होता. त्यासाठी १८७८ मध्ये व्यापारी व कारागिरांवर परवाना कर बसला. कर आणि त्याचा हेतू यांची जाहीर गाठ मारली गेली ती येथे. परंतु या करातून सरकारी अधिकारी आणि वकील-डॉक्टरांसारखे व्यावसायिक वगळलेले होते आणि फडताळाएवढ्या दुकानाच्या मालकाला मात्र तो भरावा लागत होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये या कराविरुद्ध सुरतेत दंगल झाली. पाठोपाठ अफगाण युद्धाचा खर्च आला आणि दुष्काळाच्या नावाने गोळा केलेल्या पैशाची वजावट अन्य खात्यांत दिसू लागली, तेव्हा देशी वृत्तपत्रांनी सरकारवर वचनभंगाचा आरोप केला. सरकारचे उत्तर असे होते की स्वतंत्र पेटी कधी नव्हतीच, शिलकी अंदाजपत्रक हाच दुष्काळाचा विमा. हिशेबाच्या शास्त्रात हे उत्तर चुकीचे नाही. करदात्याच्या मनात ते कधीच उतरले नाही. परवाना कर अखेर १८८६ च्या आयकरात विरून गेला.

तरीही दीड कोटींच्या त्या कल्पनेने एक वर्गवारी मागे ठेवली, आणि श्रीपूरचा जन्म तिच्याशी जोडलेला आहे. पाटबंधाऱ्याची जी कामे ठरावीक मुदतीत पाणीपट्टीतून भांडवलावरचे व्याज फेडतील ती ‘उत्पादक’ आणि जी फेडणार नाहीत, पण दुष्काळात मदतीचा खर्च वाचवतील ती ‘संरक्षक’, असे दोन वर्ग करण्यात आले. उत्पादक कामे कर्ज काढून बांधता येत, संरक्षक कामांना चालू महसुलातून, म्हणजे मुख्यतः दुष्काळ निधीतून, पैसा मिळे. दख्खनचे कालवे बहुतांशी दुसऱ्या वर्गात पडले, कारण पाऊस बरा झाला की ज्वारीचा शेतकरी पाणी घेत नसे आणि पट्टी बुडे. नीरेचा डावा कालवा १८७६ च्या दुष्काळात सुरू झालेल्या कामांतून उभा राहिला. उजवा कालवा भाटघरच्या १९२८ मधील लॉइड धरणाच्या पाण्यावर फलटण, माळशिरस आणि पंढरपूरकडे आला. व्याज न फेडणारे काम म्हणून हिणवल्या गेलेल्या या पाण्याने माळशिरस तालुक्याचे दोन भाग केले, एक उसाचा आणि दुसरा हस्ताच्या पावसाकडे डोळे लावून बसणारा.

कालव्याच्या भागात साखर आली ती मात्र खर्चातून नव्हे, जकातीतून आली. १९३२ च्या साखर उद्योग संरक्षण कायद्याने परदेशी, विशेषतः जावाच्या साखरेवर हंड्रेडवेटला ७ रुपये ४ आणे जकात कायम केली आणि अधिभार धरून ती ९ रुपये १ आण्यावर गेली. देशातील आधुनिक कारखाने ३० च्या आसपास होते, ते पाच वर्षांत १३० च्या वर गेले. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली आणि तिचा कारखाना श्रीपूरला उभा राहिला. शेजारी माळीनगर आणि पलीकडे वालचंदनगर ही गावेही त्याच लाटेतली. परदेशी साखर थांबताच जकातीचे उत्पन्न आटले, म्हणून जॉर्ज शूस्टर या अर्थसदस्याने १ एप्रिल १९३४ पासून देशी साखरेवर उत्पादन शुल्क बसवले, म्हणजे संरक्षणाने वाढलेला उद्योग वयात येण्याआधीच कराच्या कक्षेत आला. सोलापूरच्या कापड गिरण्यांना ही ओळख जुनी होती, कारण लँकेशायरच्या समाधानासाठी १८९६ पासून देशी कापडावर साडेतीन टक्के उत्पादन शुल्क होते आणि ते हटायला १९२५ साल उजाडले. कर हा केवळ महसूल नसून कोणी वाढावे आणि कोणी थांबावे हे ठरवणारे हत्यारही आहे, हे न्यायमूर्ती रानडे यांच्या परंपरेतील अर्थचिंतकांनी अशाच अनुभवांवरून मांडले होते.

उसाच्या पट्ट्याबाहेर दुष्काळ तसाच राहिला. १९७२–७३ मध्ये तो पुन्हा आला, तेव्हा महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवरची उपस्थिती मे १९७३ मध्ये ५० लाखांच्या घरात पोहोचली. मुकादमाच्या हजेरीपटावर नाव, डोक्यावर पाटी, दुपारी मिळणारी सुकडी आणि आठवड्याच्या पगाराची वाट, हे सोलापूर जिल्ह्यातील एका पिढीचे चित्र आहे. पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते झाले. जेथे आखलेले काम हाताशी नव्हते तेथे खडी फोडली गेली आणि तिचे ढीग पुढे वर्षानुवर्षे पडून राहिले. सरकारी खर्चावर संशय घेणाऱ्यांना ते ढीग पुराव्यासारखे होते, आणि मागणी वाढवण्यासाठी सरकारने तुटीतही खर्च करावा असे सांगणाऱ्या केन्सच्या अनुयायांना तीच मजुरी बाजारातील किराणा दुकान चालू ठेवणारी दिसत होती. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत होते, पण ढीग आणि दुकान एकाच ताळेबंदात मांडण्याचे काम दोघांनीही टाळले.

ते काम वि. स. पागे यांनी हाती घेतले. तासगाव तालुक्यातील विसापूरचे हे गांधीवादी गृहस्थ १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती होते आणि १९६५ मध्ये त्यांनी आपल्या गावच्या परिसरात मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला होता. त्यांच्या मांडणीचा गाभा असा की मदत नव्हे, काम द्यावे. काम उत्पादक असावे. आणि ते मागण्याचा हक्क कायद्याने असावा. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्यावरील आपल्या अभ्यासात सार्वजनिक कामांच्या मोठ्या कार्यक्रमाची शिफारस केली होतीच. हक्क द्यायचा तर पैसा दुष्काळाच्या साली शोधून चालणार नाही, तो दरवर्षी निघाला पाहिजे. म्हणून १ एप्रिल १९७५ पासून व्यवसाय कराचा कायदा लागू झाला. त्याच्या जोडीला मोटार वाहन कर, विक्रीकर आणि शहरी मालमत्ता यांवर अधिकचा भार आला, बागायती जमिनीवर रोजगार हमीसाठी विशेष आकारणी आली, आणि या करांतून जितके जमेल तितकीच रक्कम सरकारने आपल्याकडून घालावी असे ठरले. विधिमंडळाने १९७७ मध्ये एकमताने मंजूर केलेला रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. स्ट्रेचीने ज्यांना वगळले होते तेच, म्हणजे नोकरदार आणि व्यावसायिक, या वेळी कराच्या पहिल्या रांगेत उभे होते. मुंबईच्या पगारदाराने दुष्काळी जतच्या मजुरासाठी पैसे द्यावेत ही गोष्ट गळी उतरली, याचे एक कारण बहुधा असे की दुष्काळाचे लोंढे त्याच्याच दारी येतात हे त्याने नुकतेच पाहिले होते.

कामासाठी किमान ५० मजुरांची मागणी, पंधरा दिवसांत काम, न दिल्यास बेकारी भत्ता, खर्चातील किमान ६० टक्के वाटा अकुशल मजुरीवर, ही योजनेची चौकट होती. विरोधी मताचे लोक म्हणत की करदात्याच्या हातचा पैसा काढून मातीत घातला जातो आणि गुंतवणूक तेवढी आखडते. डावीकडून वेगळीच टीका आली. रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स यांनी १९८३ मध्ये दाखवले की मजुरी मजुराला मिळते खरी, पण रस्ता, पाझर तलाव आणि त्यामुळे विहिरीला वाढलेले पाणी यांचा टिकाऊ लाभ ज्याच्याकडे जमीन आहे त्याला होतो. शेताच्या बांधापासून कारखान्याच्या काट्यापर्यंत उसाचा ट्रॅक्टर ज्या रस्त्याने येतो, त्याकडे पाहिले की या टीकेचा अर्थ कळतो. मात्र १९९० मध्ये रोजगार हमीशी फळबाग लागवड जोडली गेली आणि लहान शेतकऱ्याच्या स्वतःच्या कोरडवाहू रानात खड्डे घेण्याची व रोपे जगवण्याची मजुरी निघू लागली, तेव्हा या टीकेची धार बरीच बोथट झाली. सांगोला आणि पंढरपूरच्या माळांवरील बोर आणि डाळिंब या योजनेच्या आधाराने पसरले. कराच्या पैशाने उत्पन्न वाढते काय, या प्रश्नाला सोलापूर जिल्ह्याने दिलेले सर्वांत ठोस उत्तर खडीच्या ढिगात नसून डाळिंबाच्या बागेत आहे.

कर आणि त्याचा हेतू यांची गाठ मात्र याही वेळी सैल झाली. १९८८ मध्ये किमान वेतन जवळपास दुपटीने वाढल्यावर कामांवरील उपस्थिती घसरली, आणि मागणी घटली की खर्चाला आवर घालण्यासाठी कामेच कमी काढली गेली, यावर अर्थशास्त्रज्ञांत वाद झाला. पुढील काळात करांची जमा योजनेच्या खर्चाहून अधिक राहू लागली आणि उरलेला पैसा राज्याच्या सर्वसाधारण गरजांना उपयोगी पडला, म्हणजे अफगाण युद्धाची आठवण व्हावी असा प्रकार, अर्थात फारच सौम्य रूपात. २००५ च्या केंद्रीय कायद्याने पहिल्या शंभर दिवसांच्या मजुरीचा भार दिल्लीने उचलला. व्यवसाय कर चालूच आहे. घटनेतील वार्षिक मर्यादा मूळ २५० रुपये होती, ती १९८८ च्या साठाव्या दुरुस्तीने २५०० झाली आणि तेथेच थांबली. त्यामुळे गव्हाणीवर काम करणारा आणि कारखान्याचा कार्यकारी संचालक आज सारखीच रक्कम भरतात. कर म्हणून याहून ओबडधोबड रचना शोधून सापडणार नाही.

सिंडिकेटचा श्रीपूरचा तो जुना साखर कारखाना पुढे पांडुरंग सहकारी साखर कारखाना झाला. त्याच्या गळीत हंगामाला ऊस तोडणाऱ्या ज्या टोळ्या लागतात, त्या महाराष्ट्राच्या साखर पट्ट्यात बहुतांशी बीड आणि आसपासच्या कोरडवाहू जिल्ह्यांतून, मुकादमाची उचल घेऊन येतात. हमीने ज्यांना गावातच काम द्यायचे होते ते हेच लोक, आणि ते गावात राहिले तर ऊस फडातच वाळेल. व्यवसाय कराच्या वहीत त्यांचे नाव नाही. त्यांच्यासाठी राज्याने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ काढले, आणि त्याच्या निधीसाठी कारखान्यांनी गाळपाच्या प्रत्येक टनामागे १० रुपये द्यावेत व तितकीच रक्कम सरकारने घालावी, असे २०२१ मध्ये ठरवले. हे दहा रुपये कारखान्याच्या नफ्यातून जातात, ऊस उत्पादकाच्या दरातून कापले जातात की साखरेच्या गिऱ्हाइकावर पडतात, यावर आता साखर पट्ट्यात वाद आहे.