माल्ट गिरणी

माल्ट गिरणी हे मोड आणून वाळवलेले धान्य, मुख्यतः सातू (जव), भरडण्याचे यंत्र होय. बिअर तयार करण्याच्या प्रक्रियेतील ही पहिली पायरी आहे. दाण्याचे पीठ करणे हा या यंत्राचा हेतू नसून दाण्याचे टरफल शक्य तितके अखंड ठेवून आतील गर फोडणे हा आहे. त्यामुळे महाराष्ट्रात घरोघर परिचित असलेली घरघंटी किंवा गल्लीतील पिठाची गिरणी या कामाला सहसा उपयोगी पडत नाही.

कायदेशीर स्थिती

मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ (आताचा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम) या कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. घरच्या वापरासाठी केलेली बिअरही त्यातून सुटत नाही. गिरणी किंवा माल्ट विकत घेण्याने हा परवाना मिळत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. राज्यात लहान प्रमाणावर बिअर तयार होते ती परवानाधारक लघुमद्यनिर्मितीशाळांत. २००९ साली पुण्यात सुरू झालेली डूलाली ही त्यांतील सुरुवातीच्या शाळांपैकी एक होय. परदेशात स्थिती निराळी आहे. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठी परवान्याची अट १९६३ साली रद्द झाली. अमेरिकेत १९७८ साली संमत झालेल्या संघराज्यीय कायद्याने दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या कुटुंबाला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर, बिअर करमुक्त तयार करण्याची मुभा दिली. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना घरगुती गिरणीच्या निवडीचा प्रश्न पडू शकतो. महाराष्ट्रात तो परवानाधारकांपुरता आणि माल्टच्या मद्यविरहित उपयोगांपुरता मर्यादित राहतो.

भरडणीचे कार्य

भरडलेले माल्ट सुमारे ६५ ते ६८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर भिजत ठेवतात. या काळात माल्टमधील विकरे गरातील पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात. हा गोड अर्क, म्हणजे वर्ट, नंतर चोथ्यातून गाळून घ्यावा लागतो. येथे टरफलाचे महत्त्व कळते. अखंड टरफले एकमेकांवर सैलसर बसून भांड्याच्या तळाशी नैसर्गिक गाळणी तयार होते आणि अर्क तिच्यातून सावकाश झिरपतो.

दाणा फारच जाड राहिला तर पाणी गरापर्यंत पोहोचत नाही आणि साखर वाया जाते. उलट फार बारीक दळल्यास पिठाची लापशी होऊन गाळणी तुंबते. शिवाय टरफलाचा चुरा झाला, की गरम पाण्यात त्यातील टॅनिन अधिक उतरते व पेयाला तुरटपणा येतो. चांगल्या भरडीत जवळजवळ रिकामी टरफले, गराचे दोन-चार तुकडे आणि थोडे पीठ असे मिश्रण दिसते. अख्खे दाणे दिसले तर गिरणीची फट मोठी आहे, असे समजावे.

गिरण्यांचे प्रकार

जात्यात दाणा दोन दगडी तळ्यांमध्ये घासला जातो. वैरण जास्त टाकली आणि वरची तळी किंचित उचललेली असली, तर जात्यावर डाळ भरडता येते. घरोघरी तूर-हरभऱ्याची डाळ अशीच होत असे. सातूची भरडही या रीतीने निघते, परंतु घासण्याच्या क्रियेत टरफल फाटते. (जात्याचा ओव्यांशी असलेला संबंध हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) पिठाच्या गिरणीतील चक्कीचे तत्त्व हेच असून तिचा वेग जास्त असतो, दगड जवळ बसवलेले असतात आणि दळण गरम होते. तीत आणखी एक अडचण आहे. आधीच्या गिऱ्हाइकाची ज्वारी किंवा बाजरी दगडांत शिल्लक राहते. उपवासाचे दळण गिरणी साफ करवून घेऊनच दळण्याची रीत याच कारणाने पडली आहे.

घरघंटीत पोलादी पाती मिनिटाला सुमारे २,८०० फेऱ्यांच्या वेगाने फिरतात व दाणा आपटून फोडतात. जाळीच्या छिद्रातून जाण्याइतका बारीक होईपर्यंत तो बाहेर पडत नाही. सर्वांत मोठ्या छिद्रांची जाळी लावली तरी टरफल वाचत नाही. मात्र माल्ट कापडी पिशवीत भिजवण्याची पद्धत असेल, तर गाळण्याचे काम पिशवीच करते आणि बारीक भरड चालते. मोठ्या कारखान्यांतही मॅश फिल्टर नावाचे कापडी गाळणयंत्र असल्यास याच तत्त्वावरील हातोडा गिरण्या वापरतात. म्हणून घरघंटी सर्वस्वी निरुपयोगी आहे हे मत बरोबर नाही. गाळण्याची पद्धत कोणती, यावर ते अवलंबून आहे.

लोखंडी तबकड्यांची हातगिरणी स्वस्त असते. ती मूळची ओला मका दळण्यासाठी प्रचारात आली. तिच्या तबकड्यांमधील अंतर प्रत्येक वेळी नीट जुळवावे लागते आणि भरड एकसारखी येत नाही, तरी थोड्या कामाला ती पुरते.

माल्टसाठी सर्वांत योग्य गिरणी रोलरची. तीत दोन पोलादी रोलर परस्परविरुद्ध दिशांनी फिरतात. दाणा त्यांच्यामध्ये दाबला जाऊन फुटतो, घासला जात नाही. रोलरच्या पृष्ठभागावर दाणा पकडण्यासाठी खाचा असतात. रोलरचा व्यास जितका मोठा, तितका दाणा सहज आत ओढला जातो. तीन रोलरच्या गिरणीत दाणा दोनदा दाबला जातो. मोठ्या कारखान्यांत सहा रोलरच्या गिरण्या असतात. वीस लिटर बिअरला साधारण चार ते पाच किलो माल्ट लागते. तेवढ्यासाठी दोन रोलर पुरेसे आहेत. तिसऱ्यावर खर्च करण्यापेक्षा चांगल्या बेअरिंगवर केलेला बरा.

फट आणि वेग

सातूसाठी दोन रोलरमधील फट साधारणपणे १ ते १.२ मिलिमीटर ठेवतात. ती फीलर गेजने मोजावी. बँकेचे कार्ड वापरण्याचा सल्लाही दिला जातो, पण त्याची जाडी ०.७६ मिलिमीटर असल्याने त्या मापाने लावलेली फट बहुधा फारच लहान ठरते. फट दोन्ही टोकांना सारखी हवी. न सरकता पक्की राहणारी फट ही गिरणी निवडताना पाहण्याची पहिली गोष्ट होय. हाताने किंवा ड्रिल यंत्राने फिरवताना वेग मिनिटाला दीडशे-दोनशे फेऱ्यांच्या आसपास ठेवतात. वेग वाढला की पीठ वाढते. दळण्यापूर्वी माल्टवर वजनाच्या एक ते दोन टक्के पाणी शिंपडून थोडा वेळ ठेवल्यास टरफल लवचीक होते व कमी फाटते.

नाचणी

सातू हे महाराष्ट्राचे प्रमुख पीक नाही. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड या डोंगराळ तालुक्यांत नाचणी पिकते, आणि मोड आणून केलेले नाचणीचे सत्त्व घरोघर बाळांना दिले जाते. नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून, मोड आल्यावर वाळवतात व दळतात. मोड आणल्याने तयार झालेल्या विकरांमुळे तिची पेज पातळ होते. हेही माल्टच होय, मद्याशी त्याचा संबंध नाही.

नाचणीचा दाणा एक ते दीड मिलिमीटर व्यासाचा असतो. सातूसाठी लावलेल्या फटीतून त्यातील बरेच दाणे न फुटता खाली पडतात. त्यामुळे फट बरीच कमी करावी लागते किंवा जाते, चक्की अथवा घरघंटी वापरावी लागते. नाचणीला सातूसारखे जाड टरफल नसल्याने जपण्यासारखे काही उरत नाही. सत्त्वासाठी तर बारीक पीठच हवे असते. नाचणी सातूत मिसळून पेय करायचे असल्यास दोन्ही धान्ये वेगवेगळी भरडणे सोयीचे ठरते.

स्थानिक निर्मिती आणि देखभाल

कोल्हापूर परिसर ओतकाम आणि यंत्रभागनिर्मितीसाठी प्रसिद्ध आहे. करवीर तालुक्यातील उचगाव हे गाव शिरोली आणि गोकुळ शिरगाव या दोन औद्योगिक वसाहतींच्या मध्ये, पुणे–बंगळूर महामार्गालगत आहे. लेथवर रोलर कातणे, त्यावर नर्लिंग करणे, बेअरिंगची घरे बसवणे ही कामे अशा भागातील कारागिरांच्या नेहमीच्या कौशल्यातील आहेत. रोलर करवून घेताना ते एककेंद्री कातले आहेत ना, हे तपासावे. थोडीही लंबवर्तुळता असल्यास प्रत्येक फेऱ्यात फट बदलते. साधे पोलाद पावसाळ्यातील दमट हवेत गंजते, म्हणून स्टेनलेस स्टील किंवा कठीण केलेले पोलाद वापरतात. अन्नाला लागणाऱ्या भागावर रंग नसावा.

रोलर पाण्याने न धुता कोरड्या ब्रशने साफ करतात. माल्टच्या धुळीत आंबवणारे जिवाणू असतात, त्यामुळे किण्वनाची भांडी ठेवलेल्या खोलीत भरडणी करत नाहीत. ही धूळ हवेत दाट झाल्यास ठिणगीने पेट घेऊ शकते. म्हणून बंदिस्त जागेत भरडताना हवा खेळती ठेवावी लागते.