पलटणीतला पंडितजी

गेल्या आषाढात एके दिवशी सकाळीच आमच्या शेजारचे सुभेदार माझ्या ओट्यावर येऊन बसले. धुळ्याच्या देवपुरात आमची घरे भिंतीला भिंत लागून आहेत. सुभेदार मूळचे अमळनेर तालुक्यातले. मराठा पलटणीत उभी हयात घालवून, निवृत्तीनंतर मुलाच्या नोकरीमुळे ते इकडे आले. हातात वर्तमानपत्राचे कात्रण होते. ते माझ्यापुढे धरून म्हणाले, "गुरुजी, हे जरा नीट वाचा. नातवाने अर्ज भरला आहे."

ती सैन्यातील धर्मशिक्षकांच्या भरतीची जाहिरात होती. पंडित, मौलवी, ग्रंथी, पाद्री अशी पदे. पंडिताच्या जागेसाठी हिंदू उमेदवार, संस्कृतातील शास्त्री किंवा आचार्य पदवी, कर्मकांडाची पदविका वगैरे अटी. नातवाने संस्कृत घेतले तेव्हाच घरात थोडी कुरबुर झाली होती. आता तो पलटणीत पंडितजी होणार म्हटल्यावर भाऊबंदांत थट्टा सुरू झाली. आजोबांनी बंदूक धरली, नातू घंटा वाजवणार, असे कुणी तरी बोलले, आणि ते सुभेदारांना लागले असावे. "तुम्ही इतिहास शिकवला," ते म्हणाले, "तेव्हा मला एवढेच सांगा. हा पोरगा तिथे शिपाई असेल की भटजी? आणि कुणाचा माणूस असेल, सरकारचा की जवानांचा?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. त्याची भरतीच मुळी नायब सुभेदार म्हणून व्हायची होती. दुसऱ्या प्रश्नाने मात्र मला चार महिने पुस्तकांत बुडवून ठेवले. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

फौजेबरोबर धर्माचा माणूस असणे ही काही इंग्रजांनी आणलेली नवलाई नव्हे. पेशव्यांच्या छावणीत जोशी असत, पुराणिक असत. मुहूर्त पाहिल्यावाचून डेरे हलत नसत. पण हा जोशी सरदाराचा असे. रात्रीच्या पहाऱ्यावर बसलेल्या शिलेदाराच्या मनात काय चालले आहे ते विचारणे हे त्याचे काम नव्हते. तो वेळ सांगे, दक्षिणा घेई आणि आपल्या राहुटीत परत जाई.

लष्करी पाद्री हे सरकारी खाते म्हणून आपल्याकडे आले ते ईस्ट इंडिया कंपनीबरोबर. 1698 च्या सनदेत कंपनीवर अट घातली होती की, प्रत्येक लष्करी ठाण्यात आणि मोठ्या वखारीत एक पाद्री ठेवावा, आणि पाचशे टनांवरील प्रत्येक जहाजावरही ठेवावा. मुंबईच्या कोटातील सेंट थॉमसचे देऊळ रिचर्ड कॉब या अशाच एका पाद्र्याच्या खटपटीने पुरे होऊन 1718 च्या नाताळात उघडले. पुढे 1813 च्या कायद्याने कलकत्त्यास बिशप आला, आणि 1837 मध्ये मुंबईला टॉमस कार हा पहिला बिशप झाला. खात्याला पायऱ्या पडल्या. धाकटा पाद्री, वरिष्ठ पाद्री, त्यावर आर्चडीकन, त्यावर बिशप. दरबारात कुणी कुणाच्या पुढे बसावे याची जी सरकारी यादी असे, तीतही वरिष्ठ पाद्र्याची जागा ठरलेली होती.

या पाद्र्यांत सगळेच ऐदी होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. पटकीच्या साथीत गोऱ्या सोजिरांच्या खाटांशी बसून त्यांची शेवटची पत्रे लिहिणारे पाद्री त्यांच्यात होते. पण खाते उभारले होते ते राज्यकर्त्यांच्या आत्म्यासाठी, आणि त्याचा खर्च निघे तो येथल्या महसुलातून. 1935 च्या कायद्यातसुद्धा या धर्मखात्यासाठी वर्षाला 42 लाख रुपयांपर्यंतची रक्कम, निवृत्तिवेतने वेगळी, विधिमंडळाच्या मताबाहेर राखून ठेवलेली होती. खानदेशच्या काळ्या जमिनीत कपाशी काढून सारा भरणाऱ्या कुणब्याला याचा पत्ताही नसेल.

देशी शिपायांचे काय? त्यांना पाद्री नको होता. इतकेच नव्हे, त्यांना पाद्र्याची धास्ती होती. 1806 साली वेल्लोरला नव्या टोपीवरून आणि कपाळावरचे गंध पुसण्याच्या हुकुमावरून जे घडले ते प्रसिद्ध आहे. 1857 पूर्वी बराकपूरच्या छावणीत कर्नल व्हीलर नावाचा एका देशी पलटणीचा प्रमुख स्वतःच शिपायांना ख्रिस्ताचा उपदेश करीत असे. काडतुसांची ठिणगी पडली तेव्हा बारूद आधीच पसरलेली होती. म्हणून 1 नोव्हेंबर 1858 च्या जाहीरनाम्यात राणीला प्रजेच्या धर्मात हात न घालण्याचे वचन द्यावे लागले.

आता आपल्या खानदेशाकडे वळू. 1818 मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे गेला. कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला ठाणे केले. पण सातपुड्यातले आणि सातमाळ्यातले भिल्ल काही केल्या आवरत नव्हते. फौजा पाठवल्या, नाईक पकडले, फासावर चढवले, तरी डोंगर धुमसतच राहिला. 1825 मध्ये जेम्स आउट्रम या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटाला भिल्लांचीच पलटण उभी करण्याच्या कामावर नेमले. धरणगाव हे तिचे मुख्य ठिकाण झाले. भिल्ल प्रथम जवळ येईनात. सरकार आपल्याला गोळा करून बेड्या घालणार, समुद्रापार धाडणार, अशी कुजबुज होती. आउट्रम त्यांच्या वस्त्यांतून हिंडला, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीला गेला, आजाऱ्यांची त्याने विचारपूस केली, आणि हळूहळू माणसे जमली.

या पलटणीच्या हकिकतीतला एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. आउट्रम आपले भिल्ल घेऊन मालेगावच्या छावणीत गेला. तिथे त्याची जुनी 23 वी देशी पलटण होती, आणि तिच्यात उच्चवर्णी शिपाई होते. भिल्लांची हेटाळणी होणार, या भीतीने त्याचा जीव टांगणीला लागला होता. पण त्या शिपायांनी भिल्लांना जवळ बसवले, खाऊ घातले, त्यांच्याशी लहानथोर सारे बोलले. आउट्रमने हे मोठ्या आनंदाने लिहून ठेवले आहे. त्या पंगतीला पाद्री नव्हता, शास्त्री नव्हता, कुणी निर्णयपत्र दिलेले नव्हते. तरीही भिल्ल त्या दिवशी पलटणीचे झाले.

पण पंगतीने जोडलेली माणसे पुढे अन्यायाने तुटतात, हेही खानदेशनेच दाखवले. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक सरकारचाच चाकर होता. त्याची चाकरी गेली, मानहानी झाली, आणि 1857 च्या धामधुमीत तो उलटला. एप्रिल 1858 मध्ये अंबापाणीच्या रानात झुंज झाली तेव्हा सरकारी फौजेत धरणगावची भिल्ल पलटण होती आणि समोरही भिल्लच होते. अशा वेळी शिपायाच्या मनात काय कालवाकालव होते, ते ऐकून घेणारा माणूस त्या फौजेत कोण होता? वरिष्ठ पाद्री मुंबईत होता, तोही गोऱ्यांचा.

यानंतरची गोष्ट आपल्या मुलखापासून फार दूरची, पण माणसे आपलीच. पहिल्या महायुद्धात पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी मेसोपोटेमियात गेल्या. 7 डिसेंबर 1915 ला तैग्रिसच्या वळणावरच्या कुत अल् अमारा गावात जनरल टाउनशेंडचे सैन्य वेढले गेले. अन्न संपत आले तेव्हा घोडे मारू लागले. गोरे सोजीर ते मांस खाऊ लागले. हिंदी शिपाई, हिंदू आणि मुसलमान दोघेही, खाईनात. जनरलने हिंदुस्थानातल्या धर्माधिकाऱ्यांकडून बिनतारी संदेशाने परवानगी मागवली. ती आलीही. आपद्धर्म म्हणून हे अन्न चालेल, दोष लागणार नाही. तरी बहुतेकांनी ताटाला हात लावला नाही. इकडे रक्तपिती पसरली, रोग्यांना उठवेना. अखेर एप्रिलमध्ये, अगदी नाइलाज झाल्यावर, हजारो शिपाई ते खाऊ लागले. 29 एप्रिल 1916 ला कुत पडले. सुमारे तेरा हजार माणसे कैदेत गेली, आणि त्यांतली कितीतरी वाळवंटातल्या चालीत आणि छावण्यांत मेली.

इंग्रज ग्रंथकार याला हिंदी शिपायांचा हट्ट म्हणून मोकळे होतात. मला तसे वाटत नाही. त्या शिपायाला देवाचे भय कमी होते आणि गावाचे अधिक. परतल्यावर भावकी पाण्याला शिवू देईल का, लेकीचे लग्न जमेल का, ही त्याची चिंता होती. परवानगी देणारे धर्माधिकारी हजार कोसांवर होते, आणि ती वाचून दाखवणारा गोरा जनरल होता. त्या खंदकात त्याच्या भाषेत बोलणारा, त्याच्या ताटातला पहिला घास स्वतः खाणारा, आणि "गावात जाब द्यायला मी येईन" असे सांगणारा माणूस हवा होता. परवानगी शाईत होती; तिला हाडामांसाचा जामीन हवा होता.

त्याच काळात इंग्लंडात ब्रायटनच्या राजवाड्यात हिंदी जखमींचे रुग्णालय होते. तिथे निरनिराळ्या जातिधर्मांसाठी नऊ स्वयंपाकघरे ठेवली होती. तिथे मरण पावलेल्या 53 हिंदू-शीख शिपायांना जवळच्या टेकडीवर अग्नी दिला गेला. त्या जागी 1921 मध्ये संगमरवरी छत्री उभी राहिली. मुसलमान शिपायांची दफने वोकिंगजवळ, तेथल्या मशिदीच्या इमामाच्या देखरेखीखाली झाली. शिपाई तुटू नये म्हणून सरकारने ही काळजी घेतली हे खरे. पण अंत्यविधी चुकू दिला नाही, हेही खरेच.

स्वातंत्र्याबरोबर गोऱ्यांचे ते धर्मखाते मिटले. उरला तो पलटणीतला धर्मशिक्षक. परदेशांशी ताडून पाहिले तर फरक डोळ्यांत भरतो. अमेरिकेत लष्करी पाद्री मेजर जनरलच्या हुद्द्यापर्यंत चढतो. आपल्याकडचा पंडितजी नायब सुभेदार म्हणून लागतो आणि सुभेदार मेजरीपर्यंत पोचला तर फार. कुणाला यात धर्माची उपेक्षा दिसेल. मला यात शहाणपण दिसते. नायब सुभेदार हा साहेब आणि शिपाई यांच्या मधला, जवानांतून वर आलेल्यांचा हुद्दा. त्या हुद्द्याच्या माणसापाशी मन मोकळे करायला शिपायाला वर्दी द्यावी लागत नाही.

आणि कामे तरी काय? देवळातली पूजा, दसऱ्याचे शस्त्रपूजन ही तर आहेतच. पण सरकारी कामाच्या यादीत अंत्यविधीला हजर राहणे आहे, रुग्णालयातल्या आजाऱ्यांचे समाधान करणे आहे, आणि शिक्षा भोगत असलेल्या जवानांना भेटणे आहे. ही शेवटची ओळ मी दोनदा वाचली. ज्याला पलटणीने शिक्षा दिली, त्याच्याकडे पलटणच आपला पंडितजी पाठवते! अनेक ठाण्यांत आता मंदिर, मशीद, गुरुद्वारा, चर्च एकाच छपराखाली आहेत. साहेब स्वतः कोणत्याही धर्माचा असो, जवानांच्या देवापुढे त्यांच्याबरोबर उभा राहतो, अशी रीत आहे.

हे सारे मी एका संध्याकाळी सुभेदारांना वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गुरुजी, कसम परेडच्या दिवशी पंडितजींनी गीता पुढे धरली. मी हात ठेवला. हात थरथरत होता. ते हळूच बोलले, 'घरची आठवण येते ना? येऊ दे.' एवढेच. माझा बाप वारला तेव्हा मला रजा मिळाली नव्हती. त्यांनी नदीवर नेऊन माझ्याकडून तिलांजली देवविली, आणि मग रात्रभर माझ्यापाशी बसून राहिले. शपथ त्यांनी सरकारसाठी घेतली हो. पण बसले ते माझ्यासाठी." आणि मग आपल्या अहिराणीत, जणू स्वतःशीच, "बंदूक सरकारनी शे, भाऊ. मन आपलं शे."

सुभेदारांच्या प्रश्नाला याहून चांगले उत्तर मला पुस्तकांत सापडले नव्हते. पंडितजी सरकारचा की जवानांचा? पगार सरकारचा, हे उघड आहे. पण खातेऱ्यांच्या पायऱ्या चढून वरिष्ठ झालेला पाद्री अंबापाणीत नव्हता, आणि कुतच्या खंदकात तारेने आलेला निर्णय कुणाच्या पोटात गेला नाही. धर्मगुरूचे थोरपण सरकारी यादीत तो कितवा बसतो यावर ठरत नाही. रात्री त्याला कोण उठवू शकतो, यावर ठरते.

नातवाचा निकाल अजून लागायचा आहे. तो सध्या रोज पहाटे पांझरेच्या काठाने पळतो, कारण पंडितजीलाही धावण्याची परीक्षा चुकत नाही. परवा तो मला भेटायला आला तेव्हा मी त्याला एकच विचारले, मंत्र सगळे पाठ आहेत का? तो म्हणाला, "पाठ आहेत, आजोबा. पण आमचे आबा म्हणतात, आधी पत्र लिहायला शीक. ज्याचा जोडीदार गेला, त्याच्या घरी काय लिहायचे ते शीक."

सुभेदार ओट्यावरून ऐकत होते. त्यांनी मान वर केली नाही. दिवाळीच्या पणत्यांसाठी ते वाती वळत बसले होते.