फुप्फुसांची परिपक्वता आणि संप्रेरकग्राही

गर्भावस्थेत बाळाची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात. जन्मानंतर काही क्षणांतच त्यांना हवेचे श्वसन सुरू करावे लागते. या स्थित्यंतराची पूर्वतयारी मुख्यत्वे अधिवृक्क ग्रंथींतील कॉर्टिसॉल हे संप्रेरक करते. पेशीत शिरलेले कॉर्टिसॉल ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राहीशी जोडले जाते आणि ही जोडी पेशीकेंद्रकात जाऊन विशिष्ट जनुकांचे कार्य वाढवते वा थोपवते. त्यामुळे वायुकोशांमधील भित्ती पातळ होतात, तसेच पृष्ठताण कमी करणाऱ्या सर्फॅक्टंट या द्रव्याची निर्मिती वाढते. हे द्रव्य नसेल तर उच्छ्वासासरशी वायुकोश मिटतात. हा ग्राहीच नसलेले बहुतेक उंदीर जन्मल्यावर काही तासांत श्वसनाअभावी मरतात, असे १९९५ मध्ये आढळले.

प्रसूतीपूर्वी

मुदतपूर्व बाळांच्या श्वसनविकारामागे सर्फॅक्टंटची उणीव असते, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवले. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक १९६३ मध्ये याच विकाराने दोन दिवसांच्या आत दगावला. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे ग्रॅहॅम लिगिन्स मेंढ्यांमधील प्रसूतीच्या प्रारंभाचा अभ्यास करत होते. स्टेरॉइड मिळालेली अपुऱ्या दिवसांची कोकरे अनपेक्षितपणे श्वास घेताना त्यांना दिसली. १९७२ मध्ये त्यांनी रॉस हॉवी यांच्यासह २८२ मातांवरील चाचणी प्रसिद्ध केली. मातेला दिलेल्या बीटामेथासोनमुळे बाळांमधील श्वसनविकार घटला होता. तरीही अमेरिकेत या उपचाराची व्यापक शिफारस होण्यास १९९४ साल उजाडले.

जन्मानंतर

बहुसंख्य वायुकोश जन्मानंतर, नव्या पडद्यांनी विभागले जाऊन तयार होतात. नवजात उंदरांना दिलेल्या डेक्सामेथासोनने हीच विभागणी खुंटते. अकाली जन्मलेल्या बाळांना ते लवकर दिल्यास मेंदूचा पक्षाघात होण्याचा धोकाही वाढतो. म्हणून २००२ मध्ये अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याचा सरसकट वापर टाळण्यास सांगितले.

वेळेचे महत्त्व

नागपूर व बेळगाव परिसरासह सहा देशांत झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या इंजेक्शनांचा वापर गावपातळीपर्यंत वाढवण्यात आला. तेथे एकूण नवजात मृत्यू घटण्याऐवजी वाढले. इंजेक्शन मिळालेल्या अनेक मातांची प्रसूती पूर्ण दिवसांनी झाली होती. याउलट, भारतासह पाच देशांतील सुसज्ज रुग्णालयांत झालेल्या २०२० च्या चाचणीत मृत्यू घटले; तेथे गर्भाचे वय सोनोग्राफीने निश्चित केलेले होते. औषध तारक ठरेल की मारक, हे ते गर्भाच्या कोणत्या आठवड्यात दिले जाते यावर अवलंबून असते.