मोटारसायकलच्या पुढील शॉकअपमधील सुधारणा आणि परभणी जिल्ह्यातील रस्ते : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
मराठवाड्याच्या आधुनिक इतिहासलेखनात रेल्वे, धरणे, सहकार व शिक्षण यांचा विचार प्राधान्याने झाला आहे. खेड्याला तालुक्याच्या गावाशी जोडणाऱ्या मोटारसायकलकडे मात्र इतिहासाचे साधन म्हणून क्वचितच पाहिले जाते. पाहिले तरी चर्चा इंजिन आणि इंधनापाशी थांबते. वास्तविक रस्त्याचा पहिला आघात झेलतो तो पुढचा चिमटा व त्यातील धक्काशोषक यंत्रणा, म्हणजेच गॅरेजच्या भाषेतील 'शॉकअप'. या यंत्रणेतील सुधारणांचा इतिहास हा एका अर्थाने रस्त्यांचाच इतिहास आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. परभणी जिल्हा म्हणजे १९९९ मध्ये हिंगोली वेगळा झाल्यानंतरचा नऊ तालुक्यांचा जिल्हा येथे अभिप्रेत आहे.

भूमी आणि रस्ता :
१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे रेल्वे आली. परंतु रुळापासून दूरच्या गावांसाठी बैलगाडीची वाटच खरी होती. गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या खोऱ्यातील काळी भारी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे रस्त्याचा पाया हलतो. डांबराचा थर वर असला तरी पृष्ठभागावर लाटा व खड्डे पडतात. १९७२ च्या दुष्काळात हजारो हातांनी खडी फोडली, मातीकाम केले आणि अनेक गावांना रस्ता मिळाला. २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने त्या प्रक्रियेला गती दिली. रस्ते वाढले, मातीचा स्वभाव मात्र बदलला नाही.

चिमट्यापासून शॉकअपपर्यंत :
प्रारंभीच्या अनेक मोटारसायकलींचा पुढचा चिमटा सांध्यांनी जोडलेला असे व त्याला एक स्प्रिंग असे. स्प्रिंग धक्का झेलते. परंतु ती उसळी थोपवू शकत नाही. जर्मनीतील बीएमडब्ल्यू कंपनीने १९३५ मध्ये दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणे एकात एक सरकणारा, तेलाने उसळी नियंत्रित करणारा चिमटा उत्पादनात आणला. नळीतील तेल बारीक छिद्रांतून जाताना स्प्रिंगची हालचाल मंद करते, हे त्यामागील साधे तत्त्व होय.

स्वातंत्र्यानंतर हे तंत्र भारतात वेगवेगळ्या वाटांनी आले. १९५५ मध्ये मद्रास येथे बुलेटच्या उत्पादनासाठी एन्फिल्ड इंडिया स्थापन झाली. १९६१ मध्ये म्हैसूर येथे जावाचे उत्पादन सुरू झाले. दूधवाल्यांची म्हणून ओळखली गेलेली राजदूत ही पोलंडच्या गाडीवर आधारलेली होती व तिच्या आरंभीच्या नमुन्याचा चिमटा सांध्यांचाच होता. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली. त्याच वर्षी औरंगाबादजवळ (आजचे छत्रपती संभाजीनगर) वाळूज येथे बजाजचा कारखाना सुरू झाला. वाळूजच्याच औद्योगिक परिसरातून पुढे आलेली एन्ड्युरन्स ही आज शॉकअप बनविणाऱ्या देशातील प्रमुख कंपन्यांपैकी एक आहे. ज्या विभागाचे रस्ते शॉकअपची परीक्षा पाहतात, त्याच विभागात शॉकअपही घडतो, ही बाब लक्षणीय आहे.

गॅरेजमधील सुधारणा :
कारखान्यातील रचना एक चालक व एक सोबती गृहीत धरते. खेड्यातील मोटारसायकलवर मात्र दुधाच्या कॅन, चाऱ्याचा भारा, खताचे पोते आणि प्रसंगी तिसरा माणूस असतो. मागे भार वाढला की पुढचे चाक हलके होऊन हँडल तरंगू लागते. ब्रेक दाबताच तोच भार पुढे सरकतो व चिमटा खाली बसतो. यावर गॅरेजमध्ये स्प्रिंगवर वायसर किंवा नळीचा तुकडा घालणे, जाड तेल भरणे, ऑइल सील बदलणे, रबरी बूट चढविणे असे उपाय केले जातात. त्यांचे मूल्यमापन मात्र तारतम्याने करावे लागते. वायसरने गाडीचे तोंड उचलले जाते, परंतु स्प्रिंगचा ताठपणा वाढत नाही. तेल फार जाड झाल्यास एका खड्ड्यातून सावरण्यापूर्वीच पुढचा खड्डा येतो आणि चिमटा आखडलेलाच राहतो. म्हणून नळीचा सरळपणा, सीलची अवस्था व तेलाचे योग्य माप आधी तपासून मगच स्प्रिंग बदलणे हा क्रम उचित ठरतो.

नवे ते सर्वच श्रेष्ठ असेही नव्हे. २०१२ मध्ये भारतात आलेल्या ड्यूक २०० या गाडीचा उलटा चिमटा ४३ मिलिमीटर जाडीचा होता. तो ब्रेकचा जोर अधिक दृढपणे पेलतो. तथापि त्याची गुळगुळीत नळी व सील खाली, चिखल आणि खडीच्या जवळ येतात. काळ्या मातीत जुन्या पद्धतीचा रबरी बूटच नळीचे रक्षण करतो. बजाजने २०१९ मध्ये आणलेल्या सीटी ११० या गाडीला असे बूट कारखान्यातूनच दिले होते, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, सुधारणा म्हणजे नवीन भाग बसविणे नव्हे, तर भार व रस्ता यांच्याशी यंत्राचा मेळ घालणे होय. दुसरे असे की, सार्वजनिक रस्त्याच्या उणिवेची किंमत येथे व्यक्तीच्या खिशातून व मनगटांतून वसूल होते. शॉकअपवर होणारा खर्च हा एका अर्थाने रस्त्याच्या दुरुस्तीचाच खर्च आहे. तिसरे असे की, राजदूतच्या काळापासून हे काम करणाऱ्या मिस्त्रींचे ज्ञान बहुतांशी मौखिक आहे. ती पिढी आता वृद्ध होत आहे. महाविद्यालयांतील इतिहास व भौतिकशास्त्र विभागांनी एकत्र येऊन या मिस्त्रींच्या मुलाखती वेळीच नोंदविल्या नाहीत, तर ग्रामीण तंत्रज्ञानाच्या इतिहासाचे एक पान कायमचे कोरे राहील.